गावी गेला म्हणजे काम सोडलं असं नाही
इंदूर-पीथमपूरमध्ये आदिवासी सहकारी घेताना आणि टिकवताना

पुण्या-नाशिकहून बदली होऊन पीथमपूरच्या कारखान्यात एचआरला रुजू झालात, की पहिली होळी तुम्हाला हमखास चकवते. फेब्रुवारीपर्यंत सुरळीत चाललेली शिफ्ट एका सोमवारी अर्धी रिकामी दिसते. सुपरवायझर सांगतो, "मॅडम, ये लोग ऐसे ही हैं, टिकते नहीं." पहिल्या वर्षी मीही हे वाक्य जसंच्या तसं वर कळवलं, नावं कमी केली आणि नवी भरती काढली. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आटोपली, तसे त्यातले बरेचजण सकाळी पावणेआठला गेटवर हजर. डबा घेऊन, कामावर आलेले. तुम्ही काम सोडलंय, ही बातमी त्यांना आमच्याकडूनच कळली.

तेव्हापासून मी "टिकत नाहीत" हा शेरा लिहायचं बंद केलं. नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी, माझ्या चुकांच्या क्रमाने लिहिते आहे.

आधी, कोण येतंय ते कळून घ्या

इंदूरच्या पश्चिमेला धार, झाबुआ, आलीराजपूर. खाली निमाडात बडवानी आणि खरगोन. २०११ च्या जनगणनेप्रमाणे झाबुआत ८७ टक्के, आलीराजपुरात ८९ टक्के, बडवानीत ६९ आणि धारमध्ये ५६ टक्क्यांच्या आसपास लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पीथमपूर धार जिल्ह्यातच येतं. म्हणजे तिथे बाहेरगावचे तुम्ही. आम्ही इंदूरचे मराठी तरी कोण, होळकरांच्या मागून आलेले.

सगळ्यांना एकाच नावाखाली कोंबू नका. भील, भिलाला, बारेला, पटलिया हे वेगवेगळे समाज आहेत आणि आपण कोण हे सांगताना माणसं तो फरक नेमका सांगतात. नंदुरबारकडच्या वाचकांसाठी खूण: तुमच्याकडचे पावरा ते आमच्याकडचे बारेला, मध्ये फक्त सातपुडा. समुदायाबद्दल बोलायची वेळ आली तर "आदिवासी" म्हणा. "वनवासी" हा शब्द अनेकांना खटकतो.

आणि "मामा" म्हणू नका. हे वेगळं सांगायचं कारण, या शब्दाला इथे दोन तोंडं आहेत. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिलाला लोक टंट्या मामा म्हणत, तो आदर. ४ डिसेंबर १८८९ ला त्यांना जबलपूरला फाशी दिली, आणि महूजवळच्या पातालपाणीला आजही माणसं त्यांच्यापुढे हात जोडतात. पण इंदूरच्या सियागंज बाजारात हातगाडीवाल्याला "ए मामा, सरक" अशी हाक पडते, तेव्हा त्यात आदराचा अंशही नसतो. बोलणाऱ्याला वाटतं आपण प्रेमाने बोललो. ऐकणारा हिशेब ठेवतो. नावाने हाक मारा, पुढे "भाई" किंवा "बहन" लावा. एवढं पुरतं.

माणसं शोधायची कुठे

भरतीच्या ॲपवर "बारावी पास" असा फिल्टर लावून बसलात तर माणसं मिळणार नाहीत. २०११ च्या जनगणनेत आलीराजपूरची साक्षरता ३६ टक्क्यांच्या आसपास होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत कमी. पॅकिंगला, लोडिंगला, असेंब्लीच्या साध्या कामाला बारावी कशाला लागते, हे आधी स्वतःला विचारा. आमच्याकडे ही अट आली कुठून म्हणून शोधलं, तर जुन्या जाहिरातीतून नव्या जाहिरातीत कुणीतरी नुसती उतरवत आणली होती.

याची दुसरी बाजू मात्र बहुतेक मालकांना दिसतच नाही. इंदूरच्या भंवरकुआँ भागात संध्याकाळी चक्कर मारा. पीएससीची तयारी करणारी, एका खोलीत चौघं राहणारी मुलं-मुली भेटतील. त्यांच्यात झाबुआ, बडवानी, आलीराजपूरचे पदवीधर भरपूर असतात. परीक्षेची दोन-तीन वर्षं निघून गेली की त्यांना नोकरी हवीच असते. स्टोअर, क्वालिटी, अकाउंट्स, डिस्पॅच इथे त्यांना घ्या. आदिवासी म्हटलं की आपली नजर आपोआप झाडू आणि हमालीकडे वळते. माझीही वळायची. कार्यालयात एकही आदिवासी चेहरा नसताना खाली शॉपफ्लोअरवर सगळे तेच, असं चित्र असेल तर नव्याने येणाऱ्याला आपण इथे कुठवर जाणार ते पहिल्याच दिवशी कळतं.

कुशल कामासाठी आयटीआय गाठा. इंदूरला नंदानगरची आहेच, पण झाबुआ-आलीराजपूरच्या आयटीआयमध्ये स्वतः जाऊन वर्गात बोललात तर फरक पडतो. माणूस पाठवू नका, स्वतः जा. अप्रेंटिस म्हणून घेणार असाल तर वर्षाच्या शेवटी कायम करणार की नाही, हे तेव्हाच खरं सांगा.

एकाला घेऊ नका, एकाच पट्ट्यातले दोघं-तिघं घ्या. "गेले तर सगळे एकदम जातील" ही सुपरवायझरची भीती खोटी नाही. पण एकटा आलेला माणूस पंधरा दिवसांत जातो, तिघं आलेले राहतात, असा माझा अनुभव आहे. शिफ्टनंतर आपल्या बोलीत बोलायला कुणीतरी लागतं.

ठेकेदारामार्फत माणसं घेत असाल तर तो त्यांच्या मजुरीतून काय कापतो ते माणसांना विचारा, ठेकेदाराला नाही. मध्य प्रदेशच्या २०२२ च्या पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) नियमांनुसार अनुसूचित क्षेत्रातल्या गावातून मजूर बाहेर नेणाऱ्याने ग्रामसभेला कळवायचं असतं. हे केलंय का, असं विचारल्यावर ठेकेदार चाचरला तर काय समजायचं ते समजा.

मुलाखत

लहान ठेवा. भीली ही २०११ च्या मोजणीत एक कोटीहून जास्त लोकांची मातृभाषा, तरी राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत नाही, शाळेत नाही. समोरचा हिंदी बोलतो ती त्याची दुसरी भाषा, तुमचीही दुसरीच. तो थांबून, खाली बघून उत्तर देतो याचा अर्थ आत्मविश्वास नाही असा लावू नका. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" हा प्रश्न तर कुणालाच विचारू नये. त्यापेक्षा अर्धा दिवस मशीनवर उभं करा आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या.

कागदपत्रं: इथे सगळ्यात जास्त माणसं गळतात

आधारवर "थावरिया", बँकेत "थावरसिंह", शाळेच्या दाखल्यावर "थावरचंद". माणूस एकच. शनिवारी, म्हणजे थावरला जन्मला म्हणून ते नाव. मंगळवारचा मंगलिया, बुधवारचा बुधिया. पुढे मास्तरांनी, नंतर आधारवाल्याने, मग बँकेतल्या बाबूने आपापल्या परीने ते "सुधारलं". जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी किंवा १ जुलै. यात लबाडी कसलीच नाही. तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती, एवढंच.

पण पीएफच्या संगणकाला हे समजत नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा खाते क्रमांक, बनताना नाव जुळत नाही, पैसे अडकतात, आणि तीन महिन्यांनी तो माणूस म्हणतो, माझे पैसे कापले आणि दिले नाहीत. त्याच्या बाजूने ते खरंच असतं. म्हणून रुजू होण्याच्या आठवड्यातच सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. कोणता कागद बदलायचा ते त्याच्याशी बोलून ठरवा, कारण आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. आधार केंद्रावर त्याच्याबरोबर कुणाला तरी पाठवा आणि त्या दिवसाची हजेरी भरा. पीएफमधली चूक नंतर लक्षात आली तर जॉइंट डिक्लेरेशन (दुरुस्तीचा अर्ज) भरावं लागू शकतं. ते काम तुमचं, त्याच्यावर ढकलू नका.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), वीस किंवा जास्त असतील तर पीएफ, हे तुम्हाला माहीत असेलच. सांगायचं राहून जातं ते वेगळंच. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात त्याच्या बदल्यात नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलात कुटुंबालाही उपचार मिळतात, हे नव्या माणसाला कुणी सांगतच नाही. एका नव्या माणसाला तिथे नेऊन खिडकी दाखवून आणा. तो बाकीच्यांना सांगेल.

जातीचा दाखला मागू नका. खाजगी नोकरीत आरक्षण नाही, मग त्या कागदाचं तुम्ही करणार काय?

पहिल्या पगारापर्यंतचे दिवस

पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. माणूस रुजू झाला तीन तारखेला. म्हणजे हातात पहिला पैसा पस्तीसएक दिवसांनी. तोवर खोलीचं भाडं, डिपॉझिट, किराणा कुठून आणायचा? बांधकामावर आणि गुजरातेत शेतीच्या कामावर जाणाऱ्यांना आठवड्याला "खर्ची" मिळते, म्हणजे मजुरीतलीच थोडी रक्कम वरखर्चाला. तुमच्याकडे तेही नाही. मग कारखान्याची "चांगली नोकरी" सोडून तो वीटकामावर गेला, तर त्यात वेडेपणा कुठे आहे?

पहिले दोन महिने दर शनिवारी खर्ची द्या. ती पगारातून वजा करा, पण चिठ्ठीवर लिहून, त्याला वाचून दाखवून. मोठी उचल देऊन माणूस बांधून ठेवायचा मोह होतो. तो टाळा. उचलीचं ओझं झालं की माणूस पळतो, आणि पळाला नाही तर तुम्ही त्याला वेठीला धरलेला असतो.

धूळ

हा भाग वगळू नका. झाबुआ, आलीराजपूर, धारच्या गावांतून शेकडो माणसं गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे दगड दळायच्या कारखान्यांत गेली. क्वार्ट्झची बारीक पूड फुप्फुसात बसून सिलिकोसिस झाला. तरुण माणसं खोकत घरी आली आणि मेली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं.

त्यामुळे तुम्ही "कारखान्यात काम आहे" म्हणता, तेव्हा समोरच्या आईच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं याचा अंदाज ठेवा. आमच्याकडे एकाने मास्क दोनदा मागितला, सुपरवायझरने "साधी पुठ्ठ्याची धूळ आहे" म्हणून उडवून लावलं, आणि तो दुसऱ्या दिवशी आला नाही. आम्ही कारण लिहिलं: वैयक्तिक. आता पहिल्या दिवशी धूळ कसली, ती ओढून घेणारा पंखा कुठे, मास्क कधी बदलायचा हे मशीनपाशी उभं राहून दाखवतो. जिथे खरोखर धोका आहे तिथे नव्या माणसाला लावतच नाही. सगळ्यात घाणेरडं काम नव्या आदिवासी माणसाला, ही वाटणी कुणी लिहून ठरवत नाही, आपोआप होते. त्यावर नजर ठेवा.

खोली आणि डबा

घरमालक आडनाव विचारतो. डामोर, भूरिया, मेडा असं ऐकलं की "खाली नहीं है". कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या, डिपॉझिटची हमी घेतली, की बऱ्याचदा खोली रिकामी होते. सांवेर रोडला काम आणि खोली द्वारकापुरीत, असं करू नका. येण्या-जाण्यातच माणूस थकतो.

डब्याचं म्हणाल तर मक्याची रोटी आणि उडदाची डाळ असते, क्वचित कोंबडी. आमच्या कँटीनमध्ये कोंबडीच्या डब्यावरून एकदा बोलाचाली झाली आणि शाकाहारी टेबल, मांसाहारी टेबल अशी पाटी लावायची सूचना आली. मी नाही म्हटलं. पाटी लागली असती तर तिचा अर्थ कोण कुठे बसणार असाच झाला असता. ज्याला वास नको तो खिडकीपाशी बसतो. झाबुआच्या काळ्या कोंबडीला, कडकनाथला, २०१८ ला जीआय टॅग मिळाला तेव्हा हीच मंडळी झाबुआचं कौतुक करत होती, हे जाता जाता.

कॅलेंडर

आता मूळ मुद्दा. गणपतीला कोकणातला माणूस गावी जातो, त्याला आपण "टिकत नाही" म्हणत नाही. अनंत चतुर्दशीला आमच्या इंदुरात रात्रभर गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या, दुसऱ्या दिवशी अर्धं शहर झोपलेलं. ते चालतं.

होळीआधीचा आठवडा भगोरियाचा, म्हणजे आदिवासींच्या मेळ्यांचा. ज्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी, त्या गावचा भगोरिया त्याच दिवशी. सगळीकडे एकाच दिवशी नसतो. हे समजल्यावर माझा अर्धा प्रश्न सुटला. कुणाचा हाट सोमवारी, कुणाचा गुरुवारी. विचारलं तर रजा आलटून-पालटून लावता येते. होळी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा गल (नवस फेडायचा विधी) मात्र सगळ्यांचा, तेव्हा मशीनच्या देखभालीचं काम तिथेच काढा. (भगोरिया म्हणजे पळून जाऊन लग्न करायचा मेळा, ही चहाच्या टेबलावरची चावट चर्चा तेवढी थांबवा. समाजातल्या शिकलेल्या मुलामुलींना तिचा किती संताप येतो ते त्यांच्याकडूनच मी ऐकलंय.)

जूनअखेर-जुलैत पेरणी. सप्टेंबर-ऑक्टोबरला मका-सोयाबीन काढणी. एप्रिल-मेमध्ये लग्नं, आणि लग्नात नोतरा. नोतरा म्हणजे नुसतं आमंत्रण नव्हे. ज्याच्या घरी कार्य, त्याला येणारे पैसे देतात, ते लिहून ठेवले जातात, आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की भर घालून परत करायचे. आपल्या भिशीसारखं समजा. तिथे न जाणं म्हणजे जेवण चुकवणं नाही, हप्ता चुकवणं आहे. "चुलत्याच्या मेव्हण्याच्या लग्नाला कशाला जायचंय?" असं विचारणाऱ्या मॅनेजरला मी हे समजावते.

मी काय करते ते सांगते. डिसेंबरात भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर लावते आणि प्रत्येकाला दोन लांब रजा आधीच खुणा करायला सांगते. वीस दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा कायद्यानेच साठते. ती सुटी-सुटी उडवण्याऐवजी या खुणांसाठी ठेवायची. रजा "मंजूर" होण्यापेक्षा परतीची तारीख ठरणं महत्त्वाचं. त्या तारखेनंतर पंधरा दिवस नाव पटावरून कमी करायचं नाही, हा नियम लेखी. पंधरा दिवसांत फोन करायचा, आणि फोन सुपरवायझरने नाही, त्याच्याच पट्ट्यातल्या सहकाऱ्याने. पाऊस लांबला की पेरणी लांबते आणि तारीख पुढे जाते. त्यावर चिडून उपयोग नाही, ढगांना मेमो देता येत नाही.

एक सावधगिरी. "मी जातो, माझ्या जागी भाऊ येईल" असं सुचवलं जातं, आणि ते सोयीचंही वाटतं. भावाला घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या स्वतःच्या नावावर, ईएसआय करून. एकाच्या नावावर दुसरा उभा केलात आणि बोट मशीनमध्ये गेलं, तर विमा कुणाचा आणि हात कुणाचा?

यात खर्च आहे का? आहे. होळीच्या आठवड्यात ओव्हरटाइम द्यावा लागतो, ऑर्डर आधी काढून ठेवावी लागते. पण दर वर्षी नव्याने माणसं शोधून, शिकवून, त्यांनी खराब केलेला माल फेकून जो खर्च होतो तो कुणी मोजतच नाही.

सुपरवायझर

धोरण तुम्ही लिहिता, पण नवा माणूस दिवसाचे आठ तास सुपरवायझरच्या हाताखाली असतो. त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. चारचौघांत जातीवरून अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. "मजाक था" हा बचाव नाही. आणि त्याच्या लाइनवरून किती माणसं गेली, हे त्याच्या वार्षिक मूल्यमापनात धरलं जाईल. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा लवकर कळते, असं दिसतं.

बाईमाणसाच्या तक्रारीसाठी समिती कायद्याने लागतेच. तिच्यात एक आदिवासी सहकारी बाई असू द्या, नाहीतर तक्रार येणार नाही आणि तुम्ही खुशाल समजाल की तक्रारच नाही.

दोन-तीन वर्षांत त्यांच्यातला कुणी लाइन-लीडर झाला पाहिजे. कागद भरायला अडतो म्हणून बढती अडवू नका. कागद भरायला मदतनीस देता येतो; माल बघून चूक ओळखणारी नजर देता येत नाही.

खरंच सोडून जाणार असेल तर

तर हिसाब चोख करा. याच शहरात १९९१ ला हुकुमचंद मिल बंद पडली आणि कामगारांची देणी द्यायला डिसेंबर २०२३ उजाडलं. बत्तीस वर्षं. त्यामुळे "हिसाब बाद में" हे शब्द इथल्या कुठल्याच कामगाराला ऐकवू नका. अनुभवाचा दाखला हिंदीत, यूएएन कागदावर मोठ्या अक्षरात, पीएफ कसा काढायचा ते त्याच्या फोनवर करून दाखवून. पुढच्या मोसमात जागा असेल तर कुणाला फोन करायचा, तो नंबरही.

आणि हे सगळं शुक्रवारी उरका, शनिवारी दुपारी नको. बँकेत काही अडकलं तर सोमवारपर्यंत थांबायला त्याच्याकडे खोली उरलेली नसते; सामान बांधून तो गंगवालच्या स्टँडवर झाबुआच्या बसची वाट बघत बसलेला असतो.